एकाच गॅपला दोन वाटा, दोन उत्तरं. टॉलरन्स स्टॅक नेमका कुठून मोजायचा?

ड्रॉइंगवाली
नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनला आहे, दीड वर्ष झालं. आम्ही संत्री निवडायच्या मशीनसाठी छोटा गिअरबॉक्स बनवतो. त्यात एका गॅपने माझं डोकं खाल्लं आहे. (नवख्यांसाठी: टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, आणि स्टॅक म्हणजे ओळीने टेकलेल्या भागांच्या अशा फरकांची बेरीज.)

रचना अशी: हाउसिंगच्या (बाहेरच्या डब्याच्या) डाव्या शोल्डरला, म्हणजे आतल्या पायरीला, ६२०५ बेअरिंग टेकतं. मग शाफ्टवर स्पेसर (अंतर राखणारी नळी), गिअरचं हब (मधला जाड भाग), पुन्हा स्पेसर, मग दुसरं ६२०५. उजवीकडून झाकण बसतं आणि झाकणाचा स्पिगॉट (आत शिरणारा गोल भाग) बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगपासून थोडा दूर राहायला हवा. मला हा गॅप ०.२ ते ०.८ हवा. शून्य झाला तर गरम झाल्यावर बेअरिंग आवळलं जाईल, जास्त झाला तर शाफ्ट मागेपुढे खेळेल.

मापं, सगळी मिलिमीटरमध्ये: हाउसिंगची खोली १२०, बेअरिंग प्रत्येकी १५, स्पेसर २५ आणि २५, हब ३०, स्पिगॉट ९.६. शाफ्टवरही दोन्ही बेअरिंगसाठी शोल्डर आहेत, त्यांच्यातलं अंतर ८०. शाफ्टच्या दोन्ही टोकांना लॉकनट आहेत. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये आयएसओ २७६८-एम (मापाच्या आकारानुसार ठरलेलं सर्वसाधारण टॉलरन्स) एवढंच लिहिलंय, वेगळं टॉलरन्स कशालाच नाही.

आता मी स्टॅक स्पेसर-हब-स्पेसर असा नेला तर ±१.२२ येतो. शाफ्टच्या शोल्डरवरून नेला तर ±०.९२. दोन्ही ठिकाणी सरासरी गॅप ०.५२ (बेअरिंगची रुंदी १५ पेक्षा ०.१२ पर्यंत कमी चालते, म्हणून ०.४ नाही). यातली खरी वाट कोणती? सर म्हणाले, "छोटा आकडा घे आणि पुढे चल." मला पटलं नाही. आमचे फिटर काका दर वेळी झाकणाच्या आत शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून काम भागवतात, कधी ०.३ तर कधी ०.५. आतापर्यंत तीसेक बॉक्स असेच गेले.

तर्री_जास्त
छोटा आकडा घे आणि पुढे चल! सरांना मी आमच्या घराचं बांधकाम द्यायला तयार आहे, बिल तरी छोटं येईल.

पुणेरी_मायक्रॉन
(मूळचा धरमपेठचा, नावावर जाऊ नका.) आधी हे सांग, तू सगळे आकडे सरळ बेरीज केलेस ना? म्हणजे वर्स्ट केस. सगळे भाग एकाच वेळी आपापल्या टोकाच्या मापाला येतील असं धरून. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढ. स्पेसरच्या वाटेने ०.३, ०.०६, ०.०६ आणि चार वेळा ०.२, म्हणजे सुमारे ±०.५१. अजूनही तुझ्या ±०.३ पेक्षा जास्तच, पण १.२२ बघून जो घाम फुटतो तो फुटणार नाही.

ड्रॉइंगवाली
@पुणेरी_मायक्रॉन, ते कळतं. पण वर्गमूळ काढायचं कशाचं, हाच प्रश्न आहे ना. कोणत्या वाटेवरच्या आकड्यांचं?

पुणेरी_मायक्रॉन
बरोबर. गप्प बसतो.

जुना_टी_स्क्वेअर
ताई, प्रश्न फार चांगला विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (आम्ही नागपूरच्या व्हीआरसीई इंजिनिअरिंग कॉलेजचे, त्याला व्हीएनआयटी म्हणायला अजून जीभ वळत नाही.)

स्टॅकची वाट म्हणजे गॅपच्या एका काठावरून निघून दुसऱ्या काठापर्यंत पायी जायचं. उडायचं नाही. जिथे धातूला धातू टेकलाय तिथूनच एका भागातून दुसऱ्या भागात पाऊल टाकायचं. प्रत्येक भागात एकदाच शिरायचं, एकदाच बाहेर पडायचं. आम्ही हे ब्लूप्रिंटवर लाल-निळ्या पेन्सिलीने करायचो, डावीकडे जाणारा बाण लाल, उजवीकडे जाणारा निळा. लाल वजा, निळा अधिक. संपूर्ण फेरी मारून परत गॅपवर आलात की झालं.

आता तुमच्या शाफ्टवर या. उजव्या बेअरिंगची आतली रिंग डावीकडे कशाला टेकते? स्पेसरला की शाफ्टच्या शोल्डरला? तुम्ही दोन्ही ८० ठेवलेत. म्हणजे ज्या बॉक्समध्ये स्पेसर-हब-स्पेसर मिळून ८०.१ आणि शाफ्ट ७९.९, तिथे वाट स्पेसरवरून जाते. पुढच्या बॉक्समध्ये उलटं, तिथे वाट शाफ्टवरून जाते आणि गिअर मोकळा खुळखुळतो. म्हणून तुमच्या दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि म्हणूनच दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. दर बॉक्सला वाट बदलते, ती कागदावर कशी सापडणार?

हिशेबात शोधू नका. ड्रॉइंगमध्येच एक वाट बंद करा.

तर्री_जास्त
म्हणजे चार पायांचं स्टूल. पोह्याच्या टपरीवर बसलो की तीन पाय टेकतात आणि चौथा कोणता ते बसणाऱ्याच्या वजनावर. मग पायाखाली कागदाची घडी. काकांची शिम हीच का?

जुना_टी_स्क्वेअर
स्टूलचं उदाहरण बरोबर. शिमचं माहीत नाही, त्यावर अजून विचार करतोय.

लेथवाला_हिंगणा
टी-स्क्वेअर साहेब बराबर बोलून राह्यले. मी बावीस वर्षं लेथवर उभा हाओ. शोल्डर बी ठेवाचा अन् स्पेसर बी ठेवाचा, हे डिझाइनवाल्याइचं जुनं दुखणं हाय. शाफ्टचं ८० चं ७९ करून टाका न बाप्पा. डावं बेअरिंग शोल्डरले टेकन, उजवं फकस्त स्पेसरले. लॉकनट आवळला का सगळं एका दमात बसते.

ड्रॉइंगवाली
७९ केलं तर शाफ्ट जास्तीत जास्त ७९.३, आणि स्पेसर-हब-स्पेसर कमीत कमी ७९.४. म्हणजे वाईटात वाईट वेळीही ०.१ मोकळं. शोल्डर कधीच टेकणार नाही! इतकं सोपं होतं का हे?

लेथवाला_हिंगणा
हाव. मले बी कोणी इचारलं नाई कधी.

शून्य_मैल
विषयाला धरून थोडं अवांतर. आपल्या झिरो माईलच्या खांबावर शिवनी, छिंदवाडा, जबलपूर अशी अंतरं कोरली आहेत, सगळी एकाच ठिकाणापासून. डेटम, म्हणजे जिथून मापं मोजायची ती जागा, शिकवायला मी पोरांना तिथेच नेतो. आता शिवनी ते जबलपूर अंतर हवं असेल तर? जबलपूरमधून शिवनी वजा करावं लागेल, म्हणजे दोन्ही मापांतल्या चुका उत्तरात येणार. तेच अंतर सरळ मोजून कोरलं असतं तर एकच चूक.

ड्रॉइंगवरही असंच. एका भागात शिरून बाहेर पडायला एकच माप लागलं पाहिजे. दोन मापं वजा करून पलीकडे जावं लागत असेल तर त्या भागाचं ड्रॉइंग गॅपचा विचार करून काढलेलं नाही, मशीनवर सोयीचं जावं म्हणून काढलेलं आहे.

ड्रॉइंगवाली
तपासलं. हाउसिंगची खोली १२० मी थेट लिहिली नाहीये! डाव्या बाहेरच्या तोंडापासून शोल्डर १२ आणि उजवं तोंड १३२ असं लिहिलंय. म्हणजे वाटेत १२ चं ±०.२ आणि १३२ चं ±०.५. १२० थेट लिहिलं असतं तर ±०.३. मी ±०.३ धरून बसले होते, खरं तर ±०.७ होतं.

शून्य_मैल
झालं की जबलपूर.

क्यूसी_ताई
मी इन्स्पेक्शनला आहे, तिथून सांगते. ड्रॉइंगवर १३२ आणि १२ असेल तर मी १३२ आणि १२ मोजते. दोन्ही पास, शिक्का मारला. १२० कोणी मोजतच नाही, कारण ते कागदावर नाहीच. मग असेंब्लीत भांडण सुरू होतं आणि खापर आमच्यावर. माझ्याकडून एवढीच विनंती, जे माप वाटेवर आहे ते ड्रॉइंगवर दिसू द्या. आणि कंसातली संदर्भ मापं स्टॅकमध्ये घेऊ नका, आम्ही ती तपासत नाही.

पुणेरी_मायक्रॉन
आता परत बोलतो. ड्रॉइंगवालीने शाफ्ट ७९ केला, १२० थेट ±०.१ लिहिलं, स्पेसर, हब आणि स्पिगॉट ±०.०५ केले असं धरू. बेअरिंगची रुंदी शून्य ते उणे ०.१२, म्हणून मध्य ०.०६ खाली आणि ±०.०६. सरळ बेरीज: ०.१ + ०.१२ + ०.१५ + ०.०५ = ±०.४२. वर्गमुळाने साधारण ±०.१७. म्हणजे गॅप ०.३५ ते ०.६९. अगदी बसलं.

लेथवाला_हिंगणा
पुणेरी भाऊ, तुमचं वर्गमूळ कागदावर चालते, माह्या लेथवर नाई चालत. तुमचा हिशोब म्हंते का मापं मधात पडतात. मले सांगा, २५ ±०.०५ चा स्पेसर मी २५.०० वर सोडन का? नाई. २५.०३ वर सोडन. काहून, का मोठा राह्यला तर अजून कापता येते, लहान झाला का भंगारात. हब मोठंच, स्पिगॉट मोठाच. अन् हाउसिंगची खोली कमीच, कारण खोल गेलं तर वापस भरता येत नाई. हे सगळेच कारागीर करतात, मी एकटाच नाई.

पुणेरी_मायक्रॉन
मुद्दा शंभर टक्के मान्य. वर्गमुळाची पद्धत गृहीत धरते की प्रत्येक माप मध्याभोवती पसरलंय आणि भाग एकमेकांवर अवलंबून नाहीत. सगळ्यांनीच एका बाजूला झुकायचं ठरवलं तर ती कामाची नाही. गाड्यांच्या कारखान्यात हजारोंनी भाग निघतात, मध्य सेट करून ठेवतात, तिथे ठीक. तीस बॉक्सच्या लॉटला वर्स्ट केसच्या जवळ राहिलेलं बरं.

उन्हाळी_सुट्टी
मे महिन्याचं कोणी बोलतच नाही? आपल्या शेडमध्ये ४५ च्या वर असतं. मापं मात्र २० अंशांची धरतात, आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीनं ते १९३१ सालीच ठरवून टाकलंय. ठरवणाऱ्यांनी नागपूरचा मे पाहिला नसावा. गॅप त्यानेच बिघडत असेल.

जुना_टी_स्क्वेअर
हिशेब करूनच बोलू. हाउसिंग कशाची आहे ताई?

ड्रॉइंगवाली
अल्युमिनिअम कास्टिंग. बाकी सगळं पोलाद.

जुना_टी_स्क्वेअर
अल्युमिनिअम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२. फरक ११. लांबी ११० मिलिमीटर धरा, तापमान २५ अंशांनी वाढलं. फरक येतो सुमारे ०.०३. तोही गॅप वाढवणारा. उन्हाला दोष देण्यासारखं यात काही नाही. हाउसिंग एक मीटरची असती तर मी पहिला ओरडलो असतो.

उन्हाळी_सुट्टी
उन्हाला निर्दोष सोडलेलं नागपुरात पहिल्यांदाच पाहिलं.

तर्री_जास्त
एवढी डोकेफोड कशाला? वेव्ह वॉशर (लाटेसारखी वाकवलेली स्प्रिंगची चकती) टाका, गॅप कितीही असू द्या, तो दाबून धरेल. कस्तुरचंद पार्कला चला, पोहे माझ्याकडून.

जुना_टी_स्क्वेअर
वेव्ह वॉशर वाईट नाही. पण त्यालाही ठरावीक गॅपमध्येच ठरावीक दाब देता येतो. गॅप १.२ ने हलला तर एका बॉक्समध्ये तो सपाट होईल आणि दुसऱ्यात नुसता पडून राहील. वाट कळल्याशिवाय तोही निवडता येत नाही. पोह्यांना मात्र हरकत नाही.

क्यूसी_ताई
थांबा, मला एक गोष्ट खटकतेय.

लेथवाला म्हणतात, स्पेसर मोठे, हब मोठं, स्पिगॉट मोठा, हाउसिंगची खोली कमी. हे चारही गॅप कमी करतात. मग त्यांच्या सवयीप्रमाणे गॅप ०.५२ पेक्षा लहान यायला हवा. फिटर काकांना स्पिगॉट घासून कमी करायची वेळ यायला हवी. पण ड्रॉइंगवालीने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, काका दर वेळी शिम घालतात.

ड्रॉइंगवाली, काकांना कधी स्पिगॉट घासावा लागलाय का?

ड्रॉइंगवाली
विचारून आले. एकदाही नाही. तीसच्या तीस बॉक्सना शिम. मी याकडे बघितलंच नव्हतं.

क्यूसी_ताई
मग हा टॉलरन्सचा प्रश्नच नाही. टॉलरन्समुळे बिघडलं असतं तर कधी शिम, कधी घासणं असं दोन्ही दिसलं असतं. नेहमी एकाच बाजूला चुकतंय, म्हणजे मध्यच सरकलाय. वाटेवरचा एखादा भाग तुम्ही मोजलाच नाही. तुमच्या साखळीत एक कडी कमी आहे.

शून्य_मैल
बेअरिंगच्या आतला प्ले, म्हणजे सैलपणा? बाहेरच्या रिंगवरून आतल्या रिंगवर जाताना वाट गोळ्यांवरून जाते.

जुना_टी_स्क्वेअर
तो आहेच, आणि धरायलाही हवा. पण तो शाफ्ट कोणत्या बाजूला ढकललाय त्यावर अधिक किंवा वजा होतो. दर वेळी ०.३ ते ०.५ एकाच दिशेने देणार नाही.

लेथवाला_हिंगणा
ताई, तो डबा तेलाचा हाय न? मंग झाकणाखाली पॅकिंग कुठाय तुमच्या यादीत?

तर्री_जास्त
🙏

ड्रॉइंगवाली
…

पॅकिंग ड्रॉइंगवर नाहीये. मॉडेलमध्येही नाही. दोन वर्षांपूर्वी, मी येण्याआधी, तेल गळायला लागलं म्हणून असेंब्लीतल्यांनी झाकणाखाली कागदी पॅकिंग कापून टाकायला सुरुवात केली. खरेदीच्या यादीत ते ग्रीस आणि पुसायच्या चिंध्यांबरोबर 'कन्झ्युमेबल'मध्ये आहे. कोरं ०.५, आणि बोल्ट आवळल्यावर काढून मोजलं तर ०.४ च्या आसपास.

म्हणजे सरासरी गॅप ०.५२ नाही, ०.९२. शिम ०.३, ०.५… सगळं जुळतंय.

पुणेरी_मायक्रॉन
म्हणजे मी जे वर्गमूळ काढलं ते पॅकिंग नसलेल्या गिअरबॉक्सचं. इतका सुंदर हिशेब आणि तोही दुसऱ्याच मशीनचा.

जुना_टी_स्क्वेअर
लेथवाले, तुम्हाला मानलं. मी पेन्सिलीने फेरी मारली ती ड्रॉइंगवर, आणि पॅकिंग ड्रॉइंगवर नव्हतं. वाट शोधायची असेल तर एक जोडलेला बॉक्स उघडून हातात घेऊनच शोधावी. गोंद, रंग, पॅकिंग, लॉकटाइट, पावडर कोटिंग, यांची मापं कोणी लिहीत नाही. पावडर कोटिंगचा थर तर ०.०६ ते ०.१ असतो, दोन तोंडांवर आला की दुप्पट.

क्यूसी_ताई
आता दुरुस्ती कशी करणार? स्पिगॉट १०.० केला तर सरासरी परत ०.५२.

जुना_टी_स्क्वेअर
चालेल, पण पॅकिंग वाटेवर राहतं. आज ०.५ चं आलं, उद्या दुकानदाराने ०.८ चं दिलं, मग पुन्हा काका आणि शिम. मी असतो तर स्पिगॉटच्या बाहेरच्या व्यासावर खाच करून ओ-रिंग (रबरी कडं) टाकली असती. झाकणाची फ्लँज (बाहेरची रुंद कड) हाउसिंगला धातूला धातू टेकेल. तेलही अडेल, आणि पॅकिंग वाटेतून बाहेर. स्पिगॉट ९.६ चा ९.६ राहील. खाचेमुळे लेथचं काम वाढेल, एवढंच.

लेथवाला_हिंगणा
खाच मी मारून देतो. पण ओ-रिंग चढताना बोअरच्या तोंडावर चॅम्फर (तिरपी कापलेली कड) पाह्यजे, नाईतर रिंग कापल्या जाते. अन् अजून एक. हब ३० अन् एक स्पेसर २५, हे एकच ५५ चं करून टाका. दोन तुकड्याइच्या जागी एक. एक फेस कमी, एक टॉलरन्स कमी, अन् माही एक सेटिंग कमी.

ड्रॉइंगवाली
मग वाट अशी राहते: हाउसिंग ±०.१, दोन बेअरिंग प्रत्येकी ±०.०६, हब ±०.०५, स्पेसर ±०.०५, स्पिगॉट ±०.०५. सरळ बेरीज ±०.३७. ०.१५ ते ०.८९. वर्स्ट केस माझ्या ०.२-०.८ च्या थोडं बाहेर जातो.

पुणेरी_मायक्रॉन
आणि ते ०.२-०.८ कुठून आलं? कोणी ठरवलं?

ड्रॉइंगवाली
जुन्या ड्रॉइंगवर होतं. 😅

जुना_टी_स्क्वेअर
आधी ते शोधा. ०.१५ वरही बेअरिंग आवळलं जाणार नाही, कारण गरम झाल्यावर अल्युमिनिअम पोलादापेक्षा जास्तच वाढतं. ०.८९ ला शाफ्ट खेळण्याने गिअरला त्रास होतो का, तेवढं बघा. होत असेल तर वेव्ह वॉशर, आता त्याला निश्चित गॅप मिळाला आहे. तर्री_जास्त, तुमचा वॉशर उशिरा का होईना कामी आला.

तर्री_जास्त
माझी सूचना पहिल्यांदाच मान्य झाली. पोहे आता तुमच्याकडून.

ड्रॉइंगवाली
दोन बॉक्स नव्या पद्धतीने जोडले. ओ-रिंग, शाफ्ट ७९, हब ५५, हाउसिंगवर १२० थेट. झाकण बसवण्याआधी डेप्थ गेजने बेअरिंगपासून तोंडापर्यंत मोजलं, त्यातून स्पिगॉट वजा केला: ०.४१ आणि ०.४४. दोन्ही वेळा शिम नाही. लेथवाला_हिंगणा म्हणाले तसं, मध्यापेक्षा कमीच आलं.

फिटर काकांना सांगितलं की गडबड पॅकिंगची होती. ते म्हणाले, "ते तर मी तुमच्या आधीच्या साहेबाला सांगितलं होतं." आणि आधीच्या साहेबांनी ड्रॉइंगमध्ये बदल करायच्या ऐवजी शिम मागवल्या होत्या. अजून कपाटात दीड डबा आहे.

लेथवाला_हिंगणा
कोणत्या जाडीच्या हाय? ०.३ च्या असल्या तर मले पाह्यजेत.